जुन्या मोटारीच्या इंजिनाचे सिलिंडर हेड घरी उतरवणे, तपासणे आणि पुन्हा बांधणे

सिलिंडर हेडच्या (सिलिंडरांची तोंडे वरून झाकणाऱ्या आणि व्हॉल्व्ह धरणाऱ्या भागाच्या) कामात पान्हा फिरवण्यापेक्षा मोजमापाला अधिक वेळ लागतो आणि तो लागू द्यावा. हेड उतरवणे, सुटे करणे, साफ करणे, तपासणे, व्हॉल्व्ह घासणे आणि पुन्हा बसवणे ही कामे घरच्या टेबलावर उत्तम होतात. गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी) बदलणे, सीट (मिटलेला व्हॉल्व्ह ज्यावर टेकतो ते कडे) कापणे आणि खालचा पृष्ठभाग सपाट करून घेणे ही कामे यंत्राचीच आहेत. घरी काम करणाऱ्याची खरी जबाबदारी म्हणजे यांपैकी कोणते काम हवे आहे हे आकड्यांनिशी ठरवणे आणि ती कामे योग्य क्रमाने करून घेणे, कारण हा क्रम चुकला की आधी दिलेले पैसे वाया जातात. पुढील विवेचन चार सिलिंडरच्या, प्रत्येक सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह असलेल्या जुन्या पेट्रोल इंजिनाला धरून आहे. आपल्या इंजिनाची नेमकी मापे त्याच्या वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्यावीत. येथे दिलेले आकडे सर्वसाधारण अंदाजासाठी आहेत.

उघडण्यापूर्वीची तपासणी

हेड उघडण्यापूर्वी कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) तपासून ठेवावे. इंजिन गरम असताना सर्व स्पार्क प्लग काढावेत, इग्निशन बंद करावे, थ्रॉटल पूर्ण उघडा धरावा आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा वहीत लिहावा. एखाद्या सिलिंडरचा आकडा इतरांपेक्षा दहा-पंधरा टक्क्यांहून खाली असेल, तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा चढला तर गळती पिस्टन रिंगमधून आहे. चढला नाही तर दोष व्हॉल्व्हमध्ये किंवा गॅसकेटमध्ये (हेड आणि ब्लॉक यांच्यामधील चपट्या सीलमध्ये) आहे. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदमच खाली असतील, तर त्यांच्या मधल्या भिंतीवर गॅसकेट जळले असण्याची शक्यता सर्वांत मोठी. कॉम्प्रेसर उपलब्ध असेल तर पिस्टन वरच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून हवा सोडावी आणि कान द्यावा: कार्बुरेटरमधून फुसफुस आली तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल भरण्याच्या तोंडातून आली तर रिंग, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅसकेट किंवा तडा. रिंगच संपलेल्या असतील तर केवळ हेडवर खर्च करण्यात फारसा अर्थ नाही, हे या टप्प्यावर कळलेले बरे.

हेड उतरवणे

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच बोल्टला हात लावावा. बॅटरीची तार काढावी, कूलंट झाकणाच्या डब्यात काढून घ्यावे (ते विषारी असून चवीला गोड असल्याने जनावरे पिण्याचा धोका असतो) आणि प्रत्येक नळीला, तारेला चिठ्ठी बांधावी. छायाचित्रे काढावीतच, पण चिठ्ठीची जागा छायाचित्र घेत नाही. कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडवणारा फिरता दांडा) हेडवर असेल तर पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून खुणा जुळवाव्यात आणि चेन तारेने बांधून ठेवावी. ती खाली घसरली की बरेचदा पुढचे कव्हरही उघडावे लागते.

हेडचे बोल्ट ज्या क्रमाने आवळतात त्याच्या उलट क्रमाने, म्हणजे टोकांकडून मध्याकडे, प्रत्येक वेळी अर्धा फेरा असे सैल करावेत. एकेक बोल्ट पूर्ण काढत गेल्यास हेड वाकते आणि ॲल्युमिनियमचे हेड तर हमखास वाकते. पुशरॉड (कॅमशाफ्टची हालचाल रॉकरपर्यंत, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफेपर्यंत, नेणारी दांडी) उचलताना प्रथम थोडा गोल फिरवावा. तेलाच्या चिकटपणामुळे खालचा टॅपेट (कॅमशाफ्टवर टेकणारा दट्ट्या) त्याच्याबरोबर वर येऊन आपल्या जागेतून निसटू शकतो. काढलेला प्रत्येक पुशरॉड पुठ्ठ्याला भोके पाडून क्रमांकानुसार खोचून ठेवावा. हेड अडकले असेल तर जोडामध्ये स्क्रूड्रायव्हर कधीही घालू नये, कारण त्याने पडलेला ओरखडा पुढे गळतीची वाट होतो. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये स्टड गंजून धरले असतील तर भेदक तेल दोन-तीन दिवस मुरू द्यावे आणि हेड दोन्ही बाजूंनी थोडेथोडे हलवत वर आणावे.

जुने गॅसकेट लगेच फेकू नये, ते आधी नीट पाहावे. दोन सिलिंडरांमधील पट्टी काळी पडून जळलेली असेल, पाण्याच्या भोकापासून सिलिंडरच्या कडेपर्यंत गंजाची रेघ गेलेली असेल, किंवा चार पिस्टनपैकी एकच धुतल्यासारखा लखलखीत असेल, तर पाणी कुठे शिरत होते ते तिथेच कळते. जुन्या गॅसकेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. म्हणून ते कोरडे खरवडू नये, ओले करून काढावे आणि त्याची धूळ उडू देऊ नये.

सुटे करणे आणि साफसफाई

ज्वलनकक्षातील कार्बन व्हॉल्व्ह जागेवर असतानाच काढावा, म्हणजे तारेच्या ब्रशचे ओरखडे सीटवर पडत नाहीत. लोखंडी हेडला ब्रश चालतो. ॲल्युमिनियमला मात्र प्लास्टिकची किंवा लाकडाची पट्टी आणि कार्बन विरघळवणारे द्रावण एवढेच वापरावे. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमला लावू नये: तो धातू खातो आणि त्यातून हायड्रोजन वायू सुटतो. ड्रिलवर लावायच्या खरखरीत चकत्यांचा मोह टाळावा, कारण त्यांचे सूक्ष्म कण तेलाच्या वाटांमध्ये राहून नंतर बेअरिंग खातात. शिवाय त्या ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर बोटालाही न जाणवणारे खड्डे पाडतात.

स्प्रिंग दाबण्यापूर्वी रिटेनरवर (स्प्रिंगच्या वरच्या चकतीवर) योग्य मापाचा सॉकेट ठेवून हातोडीचा एक हलका ठोका द्यावा; वर्षानुवर्षे धरून बसलेले लॉक (रिटेनरला दांडीवर अडकवणारे तुकडे) त्याने सुटतात. मग स्प्रिंग कॉम्प्रेसरने स्प्रिंग दाबून दोन्ही अर्धगोल लॉक चुंबकाने उचलून घ्यावेत. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण दाबलेला रिटेनर निसटला तर तो कुठे जाईल हे सांगता येत नाही. व्हॉल्व्ह ओढून काढण्यापूर्वी त्याच्या दांडीच्या टोकावरून बोट फिरवावे. रॉकरच्या माऱ्याने तिथे बारीक कड उठलेली असते. ती तशीच गाइडमधून ओढली तर चांगला गाइड ओरबाडला जातो. ही कड बारीक कानशीने काढली की व्हॉल्व्ह आपल्या वजनानेच खाली सरकतो. काही इंजिनांच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या पोकळ दांडीत सोडियम भरलेले असते. असे व्हॉल्व्ह कापू, भोक पाडू किंवा भंगारात तसेच टाकू नयेत. सोडियम पाण्याशी स्फोटक वेगाने प्रतिक्रिया करते.

हेडच्या बाजूचे वेल्श प्लग (पाण्याच्या वाटांची तोंडे बंद करणाऱ्या पत्र्याच्या चकत्या) काढून पाण्याच्या वाटा धुवाव्यात. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या मागे गंजाचा घट्ट गाळ साचलेला असतो आणि नेमक्या त्याच जागी थंडाव्याची सर्वाधिक गरज असते. वेल्श प्लग नवेच बसवावेत.

तडे आणि सपाटी

तड्याची तपासणी सर्वांत आधी करावी, कारण तडा निघाला तर बाकीचा हिशेबच बदलतो. डाय पेनिट्रंट घरी सहज वापरता येते: स्वच्छ धातूवर लाल द्रव मारावा, डब्यावर लिहिलेला वेळ थांबावे, कोरडे पुसावे आणि पांढरा डेव्हलपर फवारावा, तडा असेल तर लाल रेघ वर येते. इनलेट आणि एक्झॉस्ट सीटमधली अरुंद पट्टी आणि प्लगच्या भोकाची कड या नेहमीच्या जागा. बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) ए-सिरीज इंजिनात चार सिलिंडरांसाठी तीनच एक्झॉस्ट पोर्ट आहेत आणि मधला पोर्ट दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरांत सामाईक आहे. तिथे उष्णता एकवटते आणि तडेही बहुधा त्याच दोन कक्षांत सापडतात. पाण्याच्या आतल्या वाटांमधील तडा मात्र रंगाने दिसत नाही. गाडी गरम होण्याचा इतिहास असेल तर वर्कशॉपमध्ये हेड हवेच्या दाबाखाली तपासून घ्यावे.

सपाटीसाठी अचूक स्टीलची सरळपट्टी आणि फीलर गेज लागते. पट्टी लांबीत दोन्ही कडांवर, मध्यावर, दोन्ही कर्णांवर आणि आडवी ठेवून तिच्याखाली ०.०५ मि.मी.चे पाते शिरते का ते पाहावे. ते शिरत नसेल तर हेडला यंत्रावर नेऊ नये. बहुतेक इंजिनांत ०.१० मि.मी.च्या पुढे फेसिंग (खालचा पृष्ठभाग यंत्रावर सपाट करणे) अटळ ठरते. ‘आलेच आहे तर हात फिरवून देतो’ हा वर्कशॉपचा आग्रह नम्रपणे नाकारावा; हेडची किमान जाडी मॅन्युअलमध्ये दिलेली असते आणि काढलेला धातू परत येत नाही.

फेसिंगने कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन तळाला असतानाच्या आणि वर असतानाच्या जागेचे गुणोत्तर) किती वाढेल हे आधी मांडून पाहावे. १५०० सीसीच्या चार सिलिंडरी इंजिनात एका सिलिंडरचे आकारमान ३७५ सीसी होते. रेशो ८ असेल तर वर उरणारी जागा ३७५ भागिले ७, म्हणजे सुमारे ५३.६ सीसी. ज्वलनकक्षाच्या तोंडाचे क्षेत्रफळ ४० चौरस सेंटिमीटर असेल, तर अर्धा मिलिमीटर काढल्याने २ सीसी कमी होतात आणि रेशो सुमारे ८.२७ वर जातो. एवढे बहुधा चालते. मात्र याआधी किती वेळा फेसिंग झाले आहे ते जाडी मोजल्याशिवाय कळत नाही.

वर कॅमशाफ्ट असलेल्या ॲल्युमिनियम हेडला आणखी एक परीक्षा आहे. असे हेड वाकले की कॅमशाफ्टच्या बेअरिंगांची ओळही वाकते आणि खालची बाजू घासून ती सरळ होत नाही. कॅमशाफ्ट एकटाच जागेवर ठेवून सर्व कॅप ठरलेल्या टॉर्कला आवळाव्यात. तो बोटांनी मोकळा फिरला पाहिजे. अडकत असेल तर हेड आधी तज्ज्ञाकडून सरळ करून घ्यावे आणि मगच फेसिंगचा विचार करावा.

गाइड आधी, सीट नंतर

सीट कापणाऱ्या हत्याराचा मध्य गाइडमध्ये बसवलेल्या पायलटवरून (हत्याराला मार्ग देणाऱ्या दांडीवरून) ठरतो. त्यामुळे झिजलेल्या गाइडवर कापलेली सीट दिसायला सुबक असली तरी व्हॉल्व्हशी एकमध्य नसते, आणि नंतर गाइड बदलला तर सीट पुन्हा कापावीच लागते. तडे, मग गाइड, मग सीट, मग फेसिंग आणि शेवटी हाताने घासणे हा क्रम या संपूर्ण कामाचा कणा आहे.

गाइडची झीज मोजण्यासाठी दांडीचा व्यास मायक्रोमीटरने न झिजलेल्या भागात आणि चालत्या भागात घ्यावा, आणि गाइडचे भोक स्मॉल होल गेजने वर, मध्ये व खाली मोजावे. गाइड सरळ झिजत नाही; रॉकरच्या बाजूच्या रेट्याने त्याची दोन्ही तोंडे कर्ण्यासारखी फाकतात. फट साधारणपणे इनलेटला ०.०३ ते ०.०६ मि.मी. आणि अधिक तापणाऱ्या एक्झॉस्टला त्याहून थोडी जास्त असते. मायक्रोमीटर नसेल तर नवा व्हॉल्व्ह गाइडमध्ये घालावा, सीटपासून काही मिलिमीटर वर उचलावा आणि हलवून पाहावा. नव्या व्हॉल्व्हनेही खडखड जाणवली तर गाइड गेला.

गाइड ठोकून काढण्यापूर्वी तो किती वर येतो ते मोजून लिहावे. ॲल्युमिनियम हेड ओव्हनमध्ये सुमारे १०० अंश सेल्सिअसपर्यंत सर्व बाजूंनी सारखे तापवून हे काम करतात. नवा गाइड बसल्यावर आतून थोडा आवळतो, म्हणून त्याला रीमर (भोक नेमक्या मापाचे करणारे हत्यार) मारावा लागतो. हात बसलेला नसेल तर हे काम वर्कशॉपला द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सीट बहुधा ४५ अंशांची असते आणि तिच्या वर ३० व खाली ६० अंशांचे काप घेऊन तिची रुंदी व जागा ठरवली जाते. इनलेटला साधारण १ ते १.५ मि.मी. आणि एक्झॉस्टला १.५ ते २ मि.मी. रुंदी ठेवतात. एक्झॉस्ट सीट रुंद ठेवण्याचे कारण असे की व्हॉल्व्हच्या डोक्यातील बहुतेक उष्णता सीटमधूनच हेडमध्ये उतरते. अरुंद सीटवरचा व्हॉल्व्ह जळतो, तर फार रुंद सीटवर कार्बन अडकून तो नीट मिटत नाही.

जुन्या लोखंडी हेडच्या मालकाला शिसेरहित पेट्रोलचा प्रश्न टाळता येत नाही. टेट्राएथिल लेड या शिशाच्या संयुगाचा नॉकरोधक (मिश्रण ठोके देत पेटणे रोखणारा) गुण जनरल मोटर्समध्ये थॉमस मिजली यांनी १९२१ मध्ये शोधला, आणि २०२१ च्या जुलैत अल्जीरियाने विक्री थांबवल्यावर रस्त्यावरच्या वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोल जगातून संपले. शिशाची संयुगे सीटवर पातळ थर धरीत आणि तापलेला व्हॉल्व्ह व मऊ लोखंड यांना एकमेकांना चिकटू देत नसत. तो थर गेल्यावर एक्झॉस्ट सीट हळूहळू खोल जाते. तरीही प्रत्येक हेडला लगेच कठीण सीट घालावी असे नाही. गाडी संथ चालत असेल आणि सीट शाबूत असतील, तर एक्झॉस्ट टॅपेटच्या गॅपवर (रॉकर आणि व्हॉल्व्हच्या दांडीमधील फटीवर) लक्ष ठेवावे. गॅप वारंवार कमी होत असेल तर सीट बसत चालली आहे. सीट तशाही कापायच्या असतील, तर त्याच वेळी कठीण सीट घालून घेणे शहाणपणाचे.

व्हॉल्व्ह घासणे

फेसवर (व्हॉल्व्हच्या सीटवर टेकणाऱ्या उतारावर) खड्डे, जळालेली कड किंवा वाकलेली दांडी असेल तर व्हॉल्व्ह बदलावा. डोक्याच्या कडेची सरळ जाडी एक मिलिमीटरच्या खाली जाऊ लागली की ती कड लाल होऊन मिश्रण अवेळी पेटवू शकते; असा व्हॉल्व्ह ठेवू नये.

घासण्यासाठी फेसवर पेस्टचे चार-पाच ठिपके लावावेत, दांडीला तेल लावावे आणि रबरी वाटीची काठी दोन्ही तळहातांत धरून रवीसारखी पुढे-मागे फिरवावी. दर काही झटक्यांनी व्हॉल्व्ह उचलून चतुर्थांश फिरवून ठेवावा, म्हणजे एकाच जागी चर पडत नाही. सुरुवातीला खरखर स्पष्ट ऐकू येते. पेस्ट झिजत गेली की आवाज मऊ होतो आणि हाताला घसरल्यासारखे वाटते. तेव्हा पुसून पाहावे. फेसवर आणि सीटवर एकसंध, कुठेही न तुटलेले मळकट राखाडी कडे दिसले की काम झाले. दोन-तीन मिनिटांत ते मिळाले नाही, तर घासत बसू नये. सीट किंवा व्हॉल्व्ह वाकडा आहे आणि त्याला यंत्रच हवे. जाडसर पेस्टने खड्डे काढण्याचा हट्ट धरला तर फेसवर खोबण तयार होते. शेवटी पेस्टचा कणही राहू नये म्हणून गाइडमध्ये ब्रश घालून साबणाच्या गरम पाण्याने हेड धुवावे, वाळवावे आणि लोखंडावर लगेच तेल पुसावे.

स्प्रिंग, रॉकर आणि जोडणी

स्प्रिंगची मोकळी लांबी मोजावी आणि ती गुण्याला (काटकोनी पट्टीला) लावून सरळ उभी राहते का पाहावे. याहून महत्त्वाची असते ती बसवलेली उंची. सीट आणि व्हॉल्व्ह मिळून एक मिलिमीटर घासले गेले, तर दांडी तेवढी वर येते, स्प्रिंगला तेवढी जास्त जागा मिळते आणि तिचा दाब घटतो. ही कसर स्प्रिंगखाली शिम घालून भरून काढावी. रॉकर शाफ्टची झीज खालच्या बाजूला असते, त्यामुळे शाफ्ट बाहेर काढल्याशिवाय ती दिसत नाही. शाफ्टची तेलाची भोके कोणत्या दिशेला होती ते लिहून ठेवावे. रॉकरच्या टोकाला खळगा पडला असेल, तर फीलर गेज त्या खळग्यावर पुलासारखे आडवे पडते आणि गॅप खऱ्यापेक्षा कमी दाखवते.

दांडीला तेल लावून व्हॉल्व्ह घालावा, लॉकच्या खाचेवर प्लास्टिकची टोपी चढवून नवे सील सरकवावे, स्प्रिंग दाबावी आणि लॉक ग्रीसने चिकटवून बसवावेत. नंतर दांडीच्या टोकावर रबरी हातोडीने एकदोनदा टकटक करावी, म्हणजे लॉक पूर्ण बसतात. प्लग लावून हेड उलटे ठेवावे, कक्षांत रॉकेल भरावे आणि पोर्टमध्ये दिवा धरून पाहावे. काही मिनिटांत पोर्ट ओला झाला तर तो व्हॉल्व्ह पुन्हा काढावा.

हेड इंजिनावर बसवणे

ब्लॉकचा पृष्ठभागही हेडप्रमाणेच सरळपट्टीने तपासावा. बोल्टच्या भोकांतील आटे साफ करावेत आणि आत साचलेले तेल-पाणी पूर्ण काढावे. बंद तळाच्या भोकात द्रव राहिला आणि बोल्ट आवळला, तर त्या दाबाने ब्लॉक तडकू शकतो. गॅसकेटवर वरची किंवा पुढची बाजू लिहिलेली असते. तरीही ते ब्लॉकवर ठेवून तेलाचे भोक झाकले जात नाही ना, हे डोळ्यांनी पाहावे. उत्पादकाने सांगितले नसेल तर गॅसकेट कोरडेच बसवावे.

आवळणे मध्यापासून बाहेरच्या दिशेने, किमान तीन टप्प्यांत करावे. आट्यांना तेल लावायचे की नाही हे मॅन्युअल सांगेल तसे करावे, कारण तेल लावलेला बोल्ट त्याच टॉर्कला अधिक ताणला जातो. जुनी मॅन्युअल फूट-पाउंडात असतात: एक फूट-पाउंड म्हणजे १.३५६ न्यूटन-मीटर, म्हणून ४० चे ५४ होतात. कोनात आवळायचे, ताणले जाणारे बोल्ट पुन्हा वापरू नयेत.

टॅपेटसाठी आठ व्हॉल्व्हच्या बहुतेक सरळ चार सिलिंडरी इंजिनांत नऊचा नियम चालतो: पहिला व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना आठवा, तिसरा उघडा असताना सहावा, अशा रीतीने बेरीज नऊ येईल तो व्हॉल्व्ह जुळवावा.

सुरू करण्यापूर्वी रॉकरवर हाताने तेल सोडावे, प्लग काढून स्टार्टरने इंजिन फिरवावे आणि ऑइलचा दाब दिसेपर्यंत प्लग बसवू नयेत. कूलंट भरताना हीटरचा व्हॉल्व्ह उघडा ठेवावा, म्हणजे हवा अडकत नाही. इंजिन चालू तापमानाला येऊ द्यावे, मग बंद करून पूर्ण थंड होऊ द्यावे. जुन्या पद्धतीच्या गॅसकेटला या वेळी पुन्हा आवळणे लागते: ठरलेल्या क्रमाने एकेक नट चतुर्थांश फेरा सैल करून परत पूर्ण टॉर्कला न्यावा आणि मग टॅपेट पुन्हा जुळवावेत, कारण हेड खाली बसले की गॅप बदलतो. नव्या बहुस्तरीय स्टील गॅसकेटला असे आवळू नये. पाचशे ते आठशे किलोमीटरनंतर टॅपेट आणखी एकदा पाहावेत, कूलंटची पातळी तपासावी आणि चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजून सुरुवातीच्या आकड्यांशेजारी वहीत लिहावे.